कपाटातल्या पक्ष्यांची चित्रे बसून काढू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पक्षी सप्ताहातले आपले अंक मी जपून ठेवले आहेत. 5 नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, 12 नोव्हेंबर डॉ. सालिम अलींचा. मधला आठवडा राज्य शासनाने 2020 पासून पक्षी सप्ताह म्हणून ठरवून दिला आणि तेव्हापासून गावोगावी पक्षी निरीक्षणाच्या फेऱ्या निघतात, व्याख्याने होतात, छायाचित्रांची प्रदर्शने भरतात. हे सगळे हवेच आहे. चित्र मात्र या आठवड्यात दिसते ते शाळेच्या पोस्टर स्पर्धेत, झाडाखाली ‘पक्षी वाचवा’ लिहिलेले. पक्ष्याचे पीस न् पीस पाहून चित्र काढणारी हौशी माणसे आपल्या राज्यात पुष्कळ आहेत. त्यांना नेमके काय हवे असते, हे कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र.

मागणी एकच आहे. ज्या महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांत आणि ज्या संग्रहालयांत पेंढा किंवा कापूस भरून ठेवलेले जुने पक्षी आहेत, त्यांनी पक्षी सप्ताहात निदान एक दिवस ती कपाटे चित्र काढणाऱ्यांसाठी उघडावीत. पक्षी हातात द्यायला नकोत, घरी न्यायला नकोत. समोर स्टूल टाकून पेन्सिलीने दोन-तीन तास बसू द्यावे, एवढेच.

मी पाटबंधारे खात्यात अनुरेखक म्हणून लागले आणि आरेखक म्हणून निवृत्त झाले. ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते : अभियंत्याने कागदावर काढलेला बंधाऱ्याचा नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवायचा, मग त्याच्या अमोनिया प्रिंट निघायच्या. सुरुवातीला रुलिंग पेन होते, नंतर रोटरिंगचे शाईचे पेन आले. रेघ चुकली तर अर्ध्या ब्लेडने ती अलगद खरवडायची, तिथले कापड नखाने घोटून गुळगुळीत करायचे आणि मगच पुन्हा शाई लावायची, नाहीतर शाई पसरते. पाण्याची पातळी दाखवणारी रेघ वेगळी, आत दडलेला भाग दाखवणारी तुटक रेघ वेगळी. आमचे साहेब म्हणत, कागदावर जी रेघ आहे ती जमिनीवर असलीच पाहिजे. अख्खी नोकरी या एका वाक्यावर केली. निवृत्तीनंतर जलरंग हातात घेतले आणि पक्षी काढू लागले, तेव्हाही तेच वाक्य सोबत आले. पंखावर मी जी रेघ ओढते ती त्या पक्ष्याच्या अंगावर असलीच पाहिजे.

नाशिककरांना पक्ष्यांसाठी लांब जावे लागत नाही. गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातले पहिले रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा; 2020 मध्ये तसे जाहीर झाले. हिवाळ्यात भाचा मला पहाटे गाडीवरून चापडगावच्या मनोऱ्यापाशी सोडतो. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, वारकरी, शेकाट्या, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, सगळे एका जागी बसून दिसतात. तिथे मी जे काढते ते कच्चे असते, आणि ते तसेच असावे. जिवंत पक्ष्याकडून शिकायचे ते त्याचे बसणे. शेकाट्या चोच पाण्यात घालतो तेव्हा गुडघा मागे कसा वळतो (खरे म्हणजे तो गुडघा नसतो, घोटा असतो), पाणकोंबडी चालताना शेपूट कशी झटकते, वारकरी पाण्यात किती खोल बसतो. एका बैठकीत कागदावर पंधरा-वीस अर्धवट आकार होतात, आणि त्यातला एखादा खरा निघतो. छायाचित्र समोर ठेवून हे कधी साधत नाही, कारण छायाचित्रातला पक्षी आधीच थांबलेला असतो.

पण पीस तिथे दिसत नाही. दुर्बिणीतून, टेलिस्कोपमधून पंखाचा रंग दिसतो, पट्टा दिसतो; पिसांच्या रांगा एकावर एक कशा बसल्या आहेत, हे दिसत नाही. आणि बारकाव्याचे पक्षीचित्र उभे राहते ते या रांगांवर. मिटलेल्या पंखात खांद्याकडून खाली येणाऱ्या लहान पिसांच्या ओळी असतात, त्यांच्याखाली मोठ्या आच्छादक पिसांची एक ओळ, तिच्याखालून सेकंडरी, म्हणजे पंखाच्या आतल्या भागातली उडण्याची पिसे, आणि सेकंडरींच्या आडून मागे डोकावणारी प्रायमरींची, म्हणजे पंखाच्या टोकाकडच्या लांब पिसांची टोके. ही टोके शेपटीकडे जाताना एकमेकांच्या जवळ येतात की दूर जातात, किती टोके उघडी राहतात, यावरून पक्षी लांब पल्ल्याचा उडणारा आहे की झाडीतला, हेसुद्धा जाणकाराला कळते. हौशी चित्रकार इथेच अडतो. मग तो खवले काढतो, माशाच्या अंगावर असतात तसे. चित्र लांबून सुंदर दिसते आणि जवळून पाहिले की पंख उघडणारच नाही असे लक्षात येते.

आपल्या राज्यपक्ष्याचेच उदाहरण घ्या. हरियाल, म्हणजे हिरवे कबूतर, सगळ्यांना नावाने माहीत आहे. पाहिलेला फार थोड्यांनी असतो, कारण वडा-उंबराच्या पानांत तो बसला की थव्यात असूनही दिसत नाही. सकाळच्या उन्हाला मात्र निष्पर्ण फांदीवर येऊन बसतात, तेव्हा नीट पाहून घ्यावा. डोके राखाडी. मान आणि छाती पिवळट हिरवी, तिच्यात थोडी मोहरीच्या तेलाची झाक. पंखाच्या वाकणीवर फिकट जांभळा डाग. पंखावर पिवळी रेघ. पाय हळदीसारखे पिवळेधमक. आणि डोळा : आत निळा, बाहेर गुलाबी कडे. एवढ्या बारीक जागेत इतके रंग दुसऱ्या कुठल्या आपल्या पक्ष्याच्या डोळ्यात मी तरी पाहिलेले नाहीत.

आता एका सार्वजनिक फलकावर मी हरियाल पाहिला, त्याचे पाय पारव्यासारखे लाल होते. पाय पिवळे असणे ही तर त्याची ओळख आहे. दुसऱ्या एका फलकावर पाय बरोबर होते, पण पोट राखाडी होते. याचे कारण मला माहीत आहे. उत्तर भारतातल्या हरियालाचे पोट राखाडी असते आणि आपल्या दख्खनच्या हरियालाचे पोट हिरवट पिवळे असते. एकाच जातीच्या या दोन उपजाती. ज्याने कुणी फलक रंगवला त्याने उत्तरेतला फोटो पाहून रंगवला असणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला आपला हरियाल पाहायला मिळाला असता तर त्याने तो बरोबर काढला असता.

मला तो पाहायला मिळाला. जिल्ह्यातल्या एका जुन्या महाविद्यालयात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत. तिथल्या परिचरांनी विभागप्रमुखांना विचारून मला बसू दिले. काचेच्या कपाटात डांबरगोळ्यांचा वास, वरच्या फळीवर घुबड, खालच्या फळीवर लाकडी फांदीवर बसवलेला हरियाल. एका बाजूचा काचेचा डोळा पडलेला, दुसरा होता तो तपकिरी, म्हणजे बसवणाऱ्याने हाताशी होता तो बसवलेला. पाय वाळून मातकट झालेले. मेल्यावर पाय, चोच आणि डोळा यांचा रंग टिकत नाही. म्हणूनच जुने जाणकार संग्राहक पक्षी हातात आला की आधी चिठ्ठीवर डोळ्याचा आणि पायांचा रंग लिहून ठेवत. पण पिसे जशीच्या तशी होती. परिचरांनी कपाट खिडकीशी ओढून दिले, चहा दिला, आणि मी दुपारभर फक्त एक पंख काढला.

त्या दुपारी जे कळले ते सांगते. छायाचित्रांत तो जांभळा डाग सावलीसारखा दिसतो, आणि बहुतेक चित्रांत तो रंगाचा एक फराटा म्हणून येतो. जवळून पाहिले तर तो फक्त सगळ्यांत वरच्या लहान पिसांच्या ओळींवर आहे, आणि खालच्या ओळीशी येऊन एकदम थांबतो. पिवळी रेघ ही रेघ नाहीच. मोठ्या आच्छादक पिसांच्या कडा पिवळ्या आहेत, पंख मिटला की त्या कडा एकापुढे एक येतात आणि लांबून रेघ दिसते. म्हणजे ब्रशने सरळ पिवळी रेघ ओढली की ते खोटे झाले. प्रत्येक पिसाची कड सुटी काढायची, आणि प्रत्येक कडेच्या आत पिसाचा काळसर मधला भाग. पारदर्शक जलरंगात गडदावर फिकट चढत नाही, त्यामुळे या कडांची जागा आधीच राखून ठेवावी लागते. पहिला पातळ वॉश पिवळा द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग मधले भाग शून्य नंबरच्या ब्रशने भरत यायचे, प्रत्येक पिसाला दांडीकडून कडेकडे. हिरव्यासाठी ट्यूबमधला तयार हिरवा वापरला तर पक्षी प्लॅस्टिकचा दिसतो. पिवळ्या मातकट रंगात किंचित अल्ट्रामरीन मिसळले की हरियालाचा हिरवा सापडतो. आणि डोळा शेवटी, तो काचेचा तपकिरी विसरून, सकाळच्या उन्हात फांदीवर पाहिलेला.

दोन्ही लागतात, हेच मला सांगायचे आहे. बसणे, डोळा, पायाचा रंग जिवंत पक्ष्याकडून. पिसांची रचना कपाटातल्याकडून. यातले एक नसेल तर चित्र अर्धे राहते.

प्रत्येक ठिकाणी असे परिचर भेटत नाहीत. एका संग्रहालयात मला सांगितले गेले, फोटो काढा आणि पाच मिनिटांत निघा, बसायची परवानगी कुणालाच नाही. दुसऱ्या एका महाविद्यालयात कपाटाची किल्ली कुणाकडे आहे हेच ठरेना. मी अर्ज दिला, त्याला उत्तर आले नाही. माणसे वाईट नव्हती. अशा कामासाठी कुणी येईल, ही कल्पनाच तिथे नव्हती. संशोधक आला तर त्याच्यासाठी नियम आहे, विद्यार्थ्यांची सहल आली तर तिच्यासाठी वेळ आहे. वही घेऊन आलेल्या निवृत्त बाईसाठी रकाना नाही.

कुणी म्हणेल, पडलेली पिसे गोळा करा आणि ती पाहून काढा. ते करता येत नाही, आणि ते योग्यच आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात संरक्षित प्राण्याच्या अवयवांमध्ये पीसही मोजले आहे. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना सवलत आहे, बाकीच्यांना नाही. हा नियम नसता तर पिसांचा बाजार पुन्हा उभा राहिला असता, आणि हौसेच्या नावाखाली पक्षी मारले गेले असते. माझ्या ओळखीच्या काही तरुण चित्रकारांना हे माहीत नसते, त्यांच्या वहीत नीलपंखाचे पीस चिकटवलेले असते. त्यांना मी ते जिथे सापडले तिथे ठेवायला सांगते. पण मग कायदा पाळणाऱ्या माणसाला पीस पाहायला जागा कुठली? जी पिसे शंभर वर्षांपूर्वीच गोळा झालेली आहेत, ज्यांच्यासाठी आता एकही पक्षी मारायचा नाही, ती कपाटातलीच.

‘फोटो असताना चित्र कशाला’ हा प्रश्न मला प्रदर्शनांत हमखास विचारला जातो. पक्षी ओळखायला जे मार्गदर्शक पुस्तक आपण पाठीवरच्या पिशवीत टाकून हिंडतो ते उघडून पाहावे. त्यात आजही बहुधा चित्रे असतात. फोटो एका पक्ष्याचा, एका क्षणाचा, एका उन्हाचा असतो. चित्रकार नर, मादी आणि पिल्लू एकाच बैठकीत, एकाच प्रकाशात शेजारी ठेवू शकतो, आणि जिथे फरक आहे तिथे डोळा नेऊ शकतो. शिक्रा या लहान शिकारी पक्ष्याच्या पिल्लाचा डोळा पिवळा आणि मोठ्या नराचा लाल, हे दोन फोटोंत शोधत बसावे लागते. चित्रात ते एका नजरेत कळते. भारतीय उपखंडाच्या सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या मार्गदर्शक पुस्तकातल्या चित्रकारांत गोव्याचे कार्ल डिसिल्वा होते. 2015 मध्ये ते गेले. आपल्या शेजारच्या गोव्यातला माणूस जगभरच्या पक्षी निरीक्षकांच्या पिशवीत आहे, ही गोष्ट आपल्या शाळांतल्या मुलांना कळली पाहिजे.

आणि हौशी माणसाने काढलेले चित्र कमी दर्जाचे असते, हेही खरे नाही. 1801 मध्ये एलिझाबेथ ग्विलिम नावाची इंग्रज बाई मद्रासला आली. नवरा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश. पक्षी धरणारे लोक तिच्याकडे जिवंत पक्षी घेऊन येत, आणि ती ते समोर ठेवून जलरंगात काढी, काही तर प्रत्यक्षातल्या मापाचे, गिधाडासारखे मोठे पक्षीसुद्धा. 1807 मध्ये ती मद्रासमध्येच वारली. चित्रे विस्मरणात गेली. शंभरएक वर्षांनी, 1920 च्या दशकात, केसी वुड नावाच्या पक्षिप्रेमी डॉक्टरांना ती लंडनमध्ये सापडली, आणि आज तिच्या पक्ष्यांची 121 चित्रे कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात आहेत. ज्या ऑडुबॉन या अमेरिकी चित्रकाराचे नाव पक्षीचित्र म्हटले की जगभर घेतले जाते, त्याची चित्रे छापून यायला लागली 1827 मध्ये, म्हणजे ती गेल्यावर वीस वर्षांनी. तिने पिसांच्या ओळी मोजून काढलेल्या आहेत. मी त्या चित्रांच्या छापील प्रती भिंगाखाली पाहिल्या आहेत. आच्छादक पिसांची ओळ कुठे संपते आणि सेकंडरी कुठे सुरू होतात, ते बोट ठेवून दाखवता येते. हे तिला जमले, कारण पक्षी तिच्या टेबलावर होता. निलगिरीत कोटागिरीला राहणारी मार्गारेट कॉकबर्न हीसुद्धा अशीच हौशी, तिची पक्षीचित्रे आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. या दोघींना कुणी पगार दिला नव्हता.

त्या काळी पक्षी पकडून आणत. आता ते होणार नाही, होऊही नये. म्हणूनच कपाटांचे महत्त्व वाढले आहे.

कपाट उघडल्याने काय होते, याची आपल्याच राज्यातली गोष्ट डॉ. सालिम अलींची आहे. शाळकरी वयात त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कुठली चिमणी, हे विचारायला त्यांना मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले गेले. तिथले मानद सचिव मिलर्ड साहेब. त्यांनी ती पीतकंठी चिमणी ओळखली, आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. एकामागून एक कपाटे उघडून त्यांनी त्या मुलाला भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले. पुढे काय झाले ते आपण सगळे जाणतो. मोठेपणी, 1926 मध्ये, हेच सालिम अली मुंबईच्या त्या वेळच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्ग विभागात मार्गदर्शक व्याख्याता म्हणून लागले, लोकांना हेच नमुने समजावून सांगायला. मिलर्ड साहेबांनी त्या दिवशी ‘फोटो काढा आणि निघा’ म्हटले नाही.

दुसरी गोष्ट खानदेशची, आणि ती तर चित्र काढणाऱ्याने पाठच करावी अशी आहे. रानपिंगळा. आपल्या घराजवळच्या झाडात असतो तो साधा पिंगळा; त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात, पंखावर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा, पंजे थोराड. 1873 मध्ये ह्यूम या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने त्याचे वर्णन केले. एकोणिसाव्या शतकात त्याचे मोजकेच नमुने मिळाले, त्यातले काही शहाद्याच्या परिसरात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने मिळवलेले. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. मधल्या काळात रिचर्ड मायनर्त्झहागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात एक नमुना होता, चिठ्ठीवर 1914, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीने शोध भलत्या दिशेला नेला. पामेला रासमुसेन या अमेरिकी पक्षितज्ज्ञ बाईंनी संग्रहालयातले नमुने एकेक करून बारकाईने तपासले, तेव्हा उघड झाले की तो नमुना चोरलेला आहे : डेव्हिडसननेच मिळवलेला जुना पक्षी उसवून, पुन्हा भरून, त्याला खोटी चिठ्ठी लावलेली. मग खोटे ठिकाण बाजूला ठेवून खऱ्या चिठ्ठ्यांच्या ठिकाणी शोध सुरू झाला, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये, 113 वर्षांनी, शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा पुन्हा दिसला.

जंगलात शतकभर जो सापडला नाही, त्याचा रस्ता सापडला संग्रहालयाच्या खणात, कातड्याची शिवण आणि पिसांची ठेवण डोळ्यांत तेल घालून पाहणाऱ्या बाईला. मी शास्त्रज्ञ नाही, पण ती जशी पाहत बसली तसे पाहत बसणे मला कळते. चित्र काढताना माणूस असेच पाहतो. फोटो काढताना एवढा वेळ पाहावे लागत नाही.

आता संग्रहालयांच्या बाजूच्या अडचणी. त्या खऱ्या आहेत आणि मी त्या टाळणार नाही. जुन्या नमुन्यांना टिकवण्यासाठी सोमल, म्हणजे आर्सेनिक लावत, त्यामुळे हात लावणे धोक्याचे आहे. उजेडाने पिसांचे रंग उडतात, दमटपणाने कीड लागते. म्हणून नियम कडक असावेत : फक्त पेन्सिल आणि कोरडे रंग, पाण्याचे भांडे आत आणायचे नाही, फ्लॅश नाही, कपाटाच्या काचेबाहेरूनच, एका वेळी चार-पाच माणसे, आणि खोलीत कर्मचारी हजर. आम्ही नकाशे काढणारी माणसे आहोत, नियम आम्हाला जड वाटत नाहीत. ज्यांच्या कपाटाला मागून-पुढून काच आहे त्यांना तर काही उघडावेही लागणार नाही. खुर्ची आणि वेळ, एवढेच लागेल. मुंबईच्या मोठ्या संग्रहांत दुर्मीळ आणि शास्त्रीय महत्त्वाचे नमुने असतात, ते कुणी मागत नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयातला साधा खंड्या, बुलबुल, दयाळ, तांबट, टिटवी हेच हवे आहेत. टिटवीच्या पंखाच्या वाकणीवरची लहानशी नखी आपल्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

जाता जाता एक सूचना वन विभागालाही. संक्रांतीच्या दिवसांत नाशिक आणि येवल्यात, बंदी असूनही, नायलॉन मांजाने कित्येक पक्षी कापले जातात. काही वाचतात, पुष्कळ मरतात. मृत वन्यपक्षी ही कायद्याने शासनाची मालमत्ता, त्यांची विल्हेवाट लावली जाते. त्यातला एखादा चांगल्या स्थितीतला पक्षी रीतसर परवानगीने महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाला अभ्यासासाठी दिला, त्यावर तारीख, ठिकाण आणि डोळ्या-पायांचे रंग लिहिले, तर शंभर वर्षांपूर्वीच्या फिकुटलेल्या नमुन्याशेजारी एक ताजा नमुना येईल. त्या चिठ्ठीवर मृत्यूचे कारणही लिहावे, म्हणजे मुलांना पुढच्या संक्रांतीला वेगळे सांगावे लागणार नाही.

शासकीय रेखाकला परीक्षांच्या स्मरणचित्रांत आभाळात उडणारा पक्षी अजूनही दोन कमानी जोडून काढतात. माझ्या शेजारच्या मुलीला, ती आठवीत आहे, मी त्या हरियालाचा पंख दाखवला, तेव्हा तिने विचारले की हे सगळे खरेच असते का. तिला घेऊन मला त्या कपाटासमोर बसायचे आहे. तिच्या वर्गातल्या आणखी दोघींनाही यायचे आहे.

तेव्हा आपल्या दैनिकाला विनंती अशी की, आपल्या वार्ताहरांनी जिल्ह्यातल्या कोणत्या महाविद्यालयांत आणि संग्रहालयांत असे पक्षी आहेत, अर्ज कुणाच्या नावे करायचा, कोणत्या वारी आणि किती वाजता बसता येईल, हे विचारून पुढच्या पक्षी सप्ताहाआधी छापावे. पेन्सिल, कागद, पाट्या आणि स्टूल आम्ही घरून आणू.

आपली,
एक निवृत्त आरेखक,
नाशिक